कतारहून दिसणारी पडवी

माझ्या कपाटाच्या खणात सात घरांच्या चाव्या आहेत. त्यातलं एकही घर माझं नाही. एक चुलत्यांचं, दोन खालेच्या मुलांची, बाकीची मोहल्ल्यातल्या लोकांची. श्रीवर्धन तालुक्यातल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा, माझ्यासारखा एखादा माणूस तुम्हाला भेटेल. सगळे बाहेर गेले आणि हा मागे राहिला, म्हणून चाव्या याच्याकडे आल्या. कुणी दोहात, कुणी कुवेतला, कुणी दुबईत, कुणी मुंब्र्यात. घरं मात्र इथे, नारळ-सुपारीच्या वाडीत, वर्षातले अकरा महिने बंद.

हे आजचं नाही. आमचे आजे-पणजे जहाजांवर खलाशी होते. काहीजण आफ्रिकेत उतरले आणि तिथेच राहिले. केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे. आखाताचा ओघ सुरू झाला १९७० नंतर, तेलाच्या पैशाबरोबर. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. घरच्यांची खबर पत्रातून, नाहीतर आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटमधून यायची. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे कळायला घरोघर आठवडे लागले. पुढे सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं. त्या दिवसांत इकडची माणसं रेडिओला कान लावून बसायची.

आता चित्र उलटं झालंय. आता तिकडचा माणूस इकडे बघत बसतो.

कॅमेरे आमच्याकडे खऱ्या अर्थाने आले ते निसर्ग चक्रीवादळानंतर. त्याआधी बाजारपेठेत, सोनाराच्या दुकानात, एखाद्या लॉजवर दिसायचे. दिवेआगरला मार्च २०१२ मध्ये सुवर्णगणेशाची मूर्ती चोरीला गेली आणि दोन पहारेकऱ्यांचे खून झाले, तेव्हा सगळा किनारा हादरला होता. तरीही घरावर कॅमेरा लावणं हे श्रीमंतांचं काम वाटायचं. मग ३ जून २०२० ची दुपार आली. काही तासांत पिढ्यानपिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, पत्रे कुठल्या कुठे गेले. वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. मोबाइलचे टॉवर बंद. त्यात करोनामुळे परदेशातली नियमित विमानं थांबलेली. दोहा, कुवेत, रियाधमधली माणसं एकमेकांना विचारत होती, ‘घर उभं आहे का?’ आणि इथून कुणीच उत्तर देऊ शकत नव्हतं. मी सातही घरांचे फोटो काढून ठेवले होते. ते पोचले तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते. एका फोटोत फक्त जोतं आणि भिंती होत्या.

ज्याने ते दिवस परदेशात काढले, त्याला ‘कॅमेरा कशाला हवा’ असं मी विचारू शकत नाही. छपरं दुरुस्त झाली, नवे पत्रे चढले आणि त्याच मजुरीत कॅमेऱ्याच्या वायरीही ओढल्या गेल्या.

लोक सरसकट ‘क्लाउडचा कॅमेरा’ म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या कळल्या नाहीत तर पुढे घोळ होतो. पहिली गोष्ट लांबून बघण्याची. घरात डीव्हीआर नावाची पेटी असते, तिच्या हार्ड डिस्कवर चित्रण साठतं. ही पेटी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला ‘मी इथे आहे’ असं कळवत राहते. दोहातल्या फोनवरचं अ‍ॅप त्याच सर्व्हरला विचारतं आणि तो दोघांची गाठ घालून देतो. चित्रण मात्र पेटीतच राहतं. चोराने पेटी उचलून नेली तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला. दुसरी गोष्ट खऱ्या क्लाउडची. यात चित्रण घराबाहेर, कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये साठतं. त्याचं दरमहा किंवा दरवर्षी भाडं भरायचं, त्या बदल्यात सात दिवसांचं किंवा महिन्याचं चित्रण मिळतं. चोराने कॅमेरा फोडला तरी फोडण्याआधीचा चेहरा वर पोचलेला असतो. हा फायदा मोठा आहे आणि बंद घराला तोच हवा असतो.

पण हिशेब करून बघा. बरं चित्र देणारा एक कॅमेरा चांगल्या कॉम्प्रेशनमध्येही सेकंदाला साधारण २ मेगाबिट माहिती तयार करतो. चोवीस तासांचे झाले २१ जीबीच्या वर. घराला चार कॅमेरे असतील तर रोजचे ८६ जीबी. एक टेराबाइटची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागते. एवढं सगळं गावातल्या नेटवरून रोज वर चढवणं परवडत नाही. म्हणून बहुतेक स्वस्त योजनांत अखंड चित्रण वर जातच नाही. काही हललं की तेवढ्यापुरती दहा-पंधरा सेकंदांची क्लिप जाते आणि मालकाच्या फोनवर घंटी वाजते. अखंड चित्रण हवं असेल तर ते कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर किंवा घरातल्या पेटीत. थोडक्यात, दोहात जे दिसतं ते तुकड्यातुकड्यांनी दिसतं.

त्यात आमचा किनारा. खाऱ्या वाऱ्याने वायरींचे जोड हिरवे पडतात. पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बंद, म्हणून कॅमेऱ्याबरोबर राउटरलाही इन्व्हर्टर लागतो. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो आणि वाऱ्याने जाळं हललं की दोहात घंटी वाजते. माझ्या भावाला रात्री दोन-दोन वाजता उठवणारा चोर बहुतेक वेळा आठ पायांचा असतो.

हे सगळं मी हसत सांगू शकतो. पुढचं तसं नाही.

दोहातल्या माझ्या चुलतभावाच्या वाडीत मागच्या बाजूला एक कॅमेरा आहे. त्याची नजर गडग्यावर आहे आणि त्या गडग्याच्या पलीकडे माझं आवार. मार्च महिन्यात झावळ्या साफ करायला मी कातकरवाडीतल्या एका माणसाला बोलावलं. हा माणूस आमच्या तीन घरांच्या वाड्या वर्षानुवर्षं बघतो. त्याच्याबरोबर त्याचा तेरा वर्षांचा मुलगा आला होता. सकाळी साडेसातपासून दोघे कामाला लागले. पडलेले नारळ आम्ही मोजले, पोत्यात भरले आणि मी मुलाला सांगितलं, ‘वळसा घालू नको, गडग्यावरून माझ्या पडवीत नेऊन ठेव.’ मग मी बाजारात गेलो.

त्या दिवशी पहाटेपासून नेट बंद होतं. साडेनऊच्या सुमारास ते सुरू झालं. म्हणजे दोन तासांचं काम, बापाचा कोयता, मुलाचा झाडू, नारळ मोजणारा मी, यातलं काहीच वर गेलं नाही. वर गेली ती नेट आल्यानंतरची पहिली हालचाल. एक काळासावळा मुलगा, खांद्यावर पोतं, गडग्यावर चढतो, मागे बघतो आणि पलीकडे उडी मारतो. दहा सेकंद. मागे बघतो कारण बाप त्याला ‘सांभाळून’ म्हणाला होता. पण मागे बघणारा माणूस चित्रात कसा दिसतो, हे वेगळं सांगायला नको.

भावाने ती क्लिप मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘हा कोण आहे? आमच्या वाडीतून पोतं घेऊन पळतोय.’ ग्रुपवर दोनशेहून जास्त माणसं, त्यातली निम्मी आखातात. कुणी लिहिलं, ‘कातकरी आहे.’ कुणी लिहिलं, ‘यांना सवयच लागलीय.’ कुणी ती शेजारच्या गावाच्या ग्रुपवर पाठवली. तासाभराने तो मुलगा बापासाठी तंबाखू आणायला दुकानावर गेला, तेव्हा आमच्यातल्याच दोन तरुणांनी त्याला गचांडी धरून उभं केलं आणि फोनमधला फोटो त्याच्या तोंडासमोर धरला. मी बाजारातून परतताना हे पाहिलं. मुलगा रडत नव्हता. तो फक्त म्हणत होता, ‘मास्तरांनी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं.’ त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

मी शिडी लावून कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढलं. त्यात साडेसातपासून सगळं होतं. नारळ मोजणारा मीही होतो, गडग्याकडे हात करणाराही मीच. ते चित्रण मी ग्रुपवर टाकलं. दोन-तीन अंगठे आले. एकाने लिहिलं, ‘अच्छा, गैरसमज झाला.’ मग कुणीतरी लग्नाची पत्रिका टाकली आणि विषय वाहून गेला.

मला राग आला तो भावाचा कमी आणि आपल्या सगळ्यांचा जास्त. कारण संशयाची नजर म्हणजे काय, हे या किनाऱ्यावरच्या मुसलमानाला शिकवावं लागत नाही. १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि हत्यारं उतरली. ती उतरवणारे मोजके लोक होते, त्यांचे खटले चालले, शिक्षा झाल्या. पण पुढची कित्येक वर्षं, श्रीवर्धन-म्हसळ्याकडचा पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलायचा. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली सापडल्या. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर आमच्या किनाऱ्याचे नकाशे झळकत होते. ती बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, भर समुद्रात इंजिन बिघडल्यामुळे सोडून दिलेली आणि प्रवाहाबरोबर इकडे आलेली, हे त्याच दिवशी विधानसभेत सांगण्यात आलं. तरी खुलासा येईपर्यंतचे ते काही तास आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाने कसे काढले, ते मला माहीत आहे. अर्धवट चित्र बघून लोक आपल्याबद्दल काय ठरवतात, हे आपण भोगलंय. आणि तेच आपण दहा सेकंदांत एका कातकरी पोराला भोगायला लावलं.

दुसरी गोष्ट चाचीची. चाचा मरहूम झाल्यावर ती एकटी राहते. मुलगा कुवेतला. आईची काळजी म्हणून त्याने माजघरात कॅमेरा लावला, दोन्हीकडून बोलता येईल असा. पहिले आठ दिवस चाची खूश होती, पोरगा भिंतीतून बोलतो म्हणून. मग एक दिवस मी गेलो तर कॅमेऱ्यावर टॉवेल. ती म्हणाली, ‘अरे, माझ्याच घरात मला डोक्यावर पदर घेऊन बसावं लागतं. वजू करायला बाही वर केली तरी वाटतं, बघतोय. आणि तो एकटा कुठे असतो तिथे? खोलीत सहाजण राहतात.’ दुपारी तिच्याकडे शेजारच्या बाया येऊन बसायच्या, सुपारी कातरत गप्पा मारायच्या. त्या यायच्या थांबल्या होत्या. म्हणजे आई एकटी पडू नये म्हणून लावलेल्या कॅमेऱ्याने तिला खरोखरच एकटं केलं होतं.

मी मुलाला फोन केला. तो हुशार आहे, वाईट नाही. त्याला म्हटलं, तुला लहानपणी मक्तबमध्ये शिकवलेलं आठवतं का? परवानगी मागितल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये. दुसऱ्याची गुपितं हुडकत फिरू नये, त्याला तजस्सुस म्हणतात. हे हुकूम काही फक्त दरवाजासाठी नाहीत, नजरेसाठी आहेत. आपण पर्द्याची चर्चा बाईच्या कपड्यापाशी संपवतो. भिंतीलाही पर्दा असतो, दुपारच्या गप्पांनाही असतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण भाईजान, ती पडली तर?’ हा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी असं ठरलं की माजघरातला कॅमेरा काढून दाराबाहेर, पायरीकडे तोंड करून लावायचा. सकाळी दार उघडलं की त्याला कळतं. आठपर्यंत उघडलं नाही तर तो मला फोन करतो, मी चावी घेऊन जातो.

आणि चाचीचा दुसरा प्रश्न, ‘तो एकटा कुठे असतो तिथे’, हा तर फार पुढचा होता. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याचा संगणक. तिथे आपलं चित्रण कोण बघू शकतं? मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वर्काडा या कंपनीच्या यंत्रणेत काही हॅकर शिरले आणि दवाखाने, शाळा, तुरुंग, कारखाने यांतल्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत त्यांचा हात पोचला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, तपासणीसाठी आलेल्या बायांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. आत जाऊ न शकणाऱ्या नातेवाइकांपेक्षा जास्त ते अनोळखी लोकांनी पाहिलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले हजारो कॅमेरे आणि पेट्या ताब्यात घेतल्या. त्यासाठी फार अक्कल लागली नाही, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. आमच्या सात घरांपैकी चार घरांचे पासवर्ड तसेच होते. एका घराचं खातं तर कॅमेरा बसवणाऱ्या पोराच्याच मोबाइल नंबरवर होतं. मालक दोहात बघतो असं आपण समजत होतो, खरा मालक तो पोरगा होता.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यातून वगळली आहे. म्हणजे चाचीच्या टॉवेलचा निकाल कोर्ट लावणार नाही, तो आपल्यालाच लावायचा आहे. उद्या खरोखर चोरी झाली आणि चित्रण कोर्टात द्यायचं झालं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ग्रुपवर फिरवलेली क्लिप तिथे फारशी कामाची नाही. तेव्हा ती फिरवून पोलिसांना मदत होते, हा समजही सोडलेला बरा.

कॅमेऱ्याच्या विरोधात मी नाही. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे लावायचा आणि चित्रण दीड वर्ष, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायचा आदेश दिला. तो आदेश कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. त्या कातकरी मुलाला सोडवलं तेही कॅमेऱ्यातल्या कार्डानेच. पण सोडवलं ते दोन तासांच्या चित्रणाने, अडकवलं ते दहा सेकंदांनी.

रमजानच्या आधी आम्ही काहीजण मशिदीच्या पडवीत बसलो आणि चार गोष्टी ठरवल्या. कॅमेऱ्याचं तोंड आपल्या दाराकडे, फाटकाकडे. शेजाऱ्याच्या अंगणात किंवा विहिरीवर नाही. घराच्या आत कॅमेरा नाही. आजारी माणसासाठी लावायचा झाला तर त्या माणसाला विचारून. खातं मालकाच्या नंबरवर, पासवर्ड बदललेला, ओटीपी चालू. घरच्या बाकी लोकांना पासवर्ड न देता अ‍ॅपमधून वेगळी परवानगी द्यायची. कामाला येणाऱ्या माणसाला कॅमेरा कुठे आहे ते आधी दाखवायचं. आणि घंटी वाजली तर पहिला फोन चावी ज्याच्याकडे आहे त्याला. ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. शेवटच्या मुद्द्यावर दोघांनी कुरकुर केली. एक म्हणाला, ‘मग कॅमेऱ्याचा उपयोग काय?’ त्याला मी विचारलं, ‘आणि मग चावी माझ्याकडे ठेवण्याचा?’

चावी देणं म्हणजे अमानत देणं. घेणाऱ्यावर जबाबदारी येते, तशी देणाऱ्यावरही येते. दिली की विश्वास ठेवायचा. परवा एका घरात मी पंख्याची वायर बघत होतो, तर कुवेतहून मेसेज आला, ‘चाळीस मिनिटं आत काय चाललंय?’ मी उत्तर दिलं नाही. काम संपवलं, दार लावलं आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं की पंखा चालू झाला, आणि पुन्हा असं विचारायचं असेल तर चावी दुसऱ्याकडे दे. त्याने चावी माझ्याकडेच ठेवली आहे. मेसेजही पुन्हा आला नाही.

दोहातल्या भावाने मला फोन करून माफी मागितली. मी म्हटलं, माझी कशाला मागतोस, ज्याची मागायची त्याचा नंबर देतो. त्याने केला फोन. त्या मुलाचा बाप फार काही बोलला नाही. ‘ठीक आहे, भाऊ’ एवढंच म्हणाला. पण त्यानंतर तो आमच्या वाडीत आलेला नाही. विचारलं की सांगतो, भट्टीवर काम लागलंय. मुलगा रस्त्यात दिसला तर मान खाली घालून जातो. ती क्लिप किती फोनांत अजून पडून आहे कोण जाणे; दोनशे लोकांना ‘पुसून टाका’ म्हणता येतं, पुसलं की नाही ते बघता येत नाही.

भावाच्या वाडीत आता झावळ्यांचा ढीग साचलाय, सुपारीही खाली पडून कुजते. दुसरा माणूस मिळेना. भाऊ म्हणतो, रोज दिसतं, भाईजान, अगदी स्वच्छ दिसतं.